दोन पुंगळ्या कमी

दसऱ्याला आठ दिवस होते. सकाळी दहाला शटर वर गेलं न गेलं तोच उमेंद्र राहांगडाले खोळीत घातलेली दुनळी घेऊन मंजू बिसेनच्या दुकानात आला. बंदूक काउंटरवर ठेवता ठेवता त्याने असा प्रश्न विचारला की मंजूने हातातला चहाचा कप खाली ठेवला.

"भाभीजी, तीनशे किलोचं जनावर पाडायचं असंल तं कोणती बंदूक घ्यावं?"

गोंदियाच्या बाजारातलं हे दुकान मंजूच्या नवऱ्याचं, इंद्रकुमारचं. सहा वर्षांपूर्वी तो गेला आणि परवाना तिच्या नावावर झाला. एअरगन, छर्रे, बारा बोअरची काडतुसं आणि दुरुस्तीचं टेबल, एवढाच पसारा. गिऱ्हाईक म्हणजे बँकांचे पहारेकरी आणि पीक राखण्यासाठी परवाना घेतलेले शेतकरी. दसऱ्याच्या आधी मात्र गर्दी होते. पोवार समाजात त्या दिवशी शस्त्र पुजतात, आणि पुजायची बंदूक तेलपाणी करून चकचकीत हवी असते.

"कोणतं जनावर?" मंजूने विचारलं.

"डुक्कर."

"तीनशे किलोचं? एवढं मोठं डुक्कर तुमच्या गावच्या टोल्यात असेल तर गोळी कशाला घालता, सरपंच करा त्याला."

उमेंद्र हसला, पण तिच्याकडे न पाहता. तो खोळीची नाडी सोडत राहिला. पंचावन्नचा, उंच, कमी बोलणारा माणूस. तिरोड्याकडे दहा एकर धान. आज त्याला बोलायचं होतं.

"आणि दोनशे मीटरवरून मारायचं असंल तं?"

"डुक्कर तुम्ही दोनशे मीटरवरून मारता?"

"मी नाही. अशीच गोष्ट. आणि मारणाऱ्याचा खांदा नाजूक असंल तं? धक्का सहन न होणारा?"

"कोणाचा खांदा?"

"सांगितलं ना, अशीच गोष्ट." एवढ्यात त्याच्या खिशातला फोन वाजला. नाव पाहून तो लगबगीने बाहेर पायरीवर गेला. मंजू बंदूक उघडून नळ्यांतून उजेडाकडे पाहत होती. कान मात्र दाराच्या जाळीपाशी होते.

"हो, दुकानातच आहो," उमेंद्र हळू आवाजात म्हणत होता. "चोवीसलेच निघता ना? किती जण?... नाही, घरी नाही सांगितलं. तू बी नको सांगू."

तो आत आला तोवर मंजूने वही काढली होती.

या वहीमुळेच तिचा जीव टांगणीला लागला होता. श्रावणात देवरीच्या जंगलात एक सांबर मेलेलं सापडलं. अंगात बारा बोअरचे मोठे छर्रे, ज्यांना एलजी म्हणतात ते. वनखात्याने आणि पोलिसांनी जिल्ह्यात एलजी कोणी कोणी घेतली त्याची यादी मागवली. मंजूच्या दुकानाच्या परवान्याचं नूतनीकरण त्याच सुमारास होतं. ती फाईल अडकली. पुढच्या सोमवारी अकरा वाजता तपासणी होती: विकलेलं प्रत्येक काडतूस एक तर गिऱ्हाइकाकडे भरलेलं असलं पाहिजे, नाही तर त्याची रिकामी पुंगळी दुकानात परत आलेली असली पाहिजे. नाही जुळलं तर दुकानाला टाळं.

"उमेंद्रभाऊ, मे महिन्यात तुम्ही दहा नेली. पाच एलजी, पाच बारीक छऱ्यांची. आठ पुंगळ्या परत आल्यात. दोन एलजी कमी आहेत. भरलेली आहेत घरी?"

"नाही. उडवली."

"मग पुंगळ्या?"

"धानाचा रोवणा चालू होता. डुक्कर बांधीत शिरलं. दोन बार काढले. पुंगळ्या चिखलात गेल्या."

"दोन्ही?"

"दोन्ही." आता मात्र त्याने तिच्याकडे सरळ पाहिलं. इतकं सरळ की मंजूला ते मुद्दाम वाटलं. "कायले विचारता?"

"सोमवारी तपासणी आहे."

"होऊन जाईल जी." त्याने खोळ घडी केली. "परवा नेऊ ना बंदूक?"

मंजूने डाव्या नळीची पिन अंगठ्याने दाबली. पिन ठीक होती. ती जराशी एका बाजूला ठोका मारते, हे मंजूला चार वर्षांपासून माहीत होतं. तिनेच ती बसवली होती.

"स्प्रिंग गेली आहे," ती म्हणाली. "नागपूरहून मागवावी लागेल. वेळ लागेल."

खोटं बोलायची तिला सवय नव्हती. त्यामुळे ते वाक्य तिच्या कानाला जास्तच मोठ्याने ऐकू आलं.

तो गेल्यावर तिने कागदावर चार गोष्टी लिहिल्या. तीनशे किलो. दोनशे मीटर. नाजूक खांदा. चोवीस तारीख, टोळी. तीनशे किलो म्हटलं की तिला एकच शिंगांचं जनावर सुचलं, मोठं नर सांबर. रानडुक्कर शंभराच्या वर गेलं तर गाव बघायला जमतं. आणि डुक्कर मारायचं तर वनखात्याची लेखी परवानगी घेऊन, शेताच्या हद्दीत, चाळीस-पन्नास पावलांवरून. दोनशे मीटर म्हणजे माळावरून किंवा टेकडीवरून. म्हणजे रायफल. नाजूक खांदा म्हणजे नवा कोणी तरी, ज्याने आजवर मोठी बंदूक धरली नाही. आणि हा त्याला शिकवणार.

मंजूने पोलीस ठाण्याच्या नावाने अर्ज लिहिला. अर्धं पान झालं. खाली सही करायची वेळ आली तेव्हा पेन थांबलं.

कारण माणूस उमेंद्र होता. इंद्रकुमार गेल्यावर गिऱ्हाइकं दारातून परत जायची. बाईमाणूस बंदुकीत काय बघणार, म्हणून. उमेंद्रने आपली दुनळी सगळ्यात आधी तिच्या टेबलावर ठेवली, आणि मग आठवडी बाजारात चार लोकांना सांगितलं, "हात चांगला आहे बाईचा. नवऱ्याहून बारीक काम करते." त्यानंतर दुकान चाललं. आणि अर्ज दिला तर उमेंद्रला त्याच दिवशी उचलणार, बंदूक जप्त, परवाना रद्द. तो निर्दोष ठरला तरी दोन वर्षं खेटे. तिने अर्ज खणात ठेवला. फाडला नाही, दिलाही नाही.

शनिवारी तो पुन्हा आला.

"आली स्प्रिंग?"

"नाही."

"नागपूर काय लंडनले आहे, भाभीजी? सकाळची गाडी पकडली तं माणूस संध्याकाळी परत येते." तो काउंटरवर वाकला. "बंदूक दाखवा."

"माझ्यावर भरवसा नाही?"

"दाखवा तं खरी."

तिने लोखंडी कपाट उघडून दुनळी समोर ठेवली. उमेंद्रने फोन काढला, त्यातला फोटो मोठा केला आणि नळीवरचा नंबर एकेक आकडा जुळवून पाहिला.

"नंबर कशाला पाहता? मी बदलून टाकली की काय?"

"तुमी पुंगळ्या मोजता, मी नंबर पाहिला. बराबर झालं." त्याने फोन खिशात टाकला. "साफ करायची बंदूक हप्ताभर अडकून पडते, स्प्रिंग नाही म्हणता. मंग मले बी वाटते ना, माही बंदूक कोणाच्या हातात तं जाऊन नाही राहिली? सांबर मेलं तं मालकाचं नाव येते, दुकानदाराचं नाही."

सांबर हा शब्द त्यानेच काढला. मंजूने तो मनात टिपून ठेवला. चोराच्या तोंडी आधी तोच शब्द येतो, असं तिला वाटलं. तो गेल्यावर बऱ्याच वेळाने तिला सुचलं की ज्याच्यावर आळ येऊ शकतो त्याच्याही तोंडी तोच येतो. दोन्ही सारखंच दिसत होतं, हीच पंचाईत होती.

रविवारी संध्याकाळी तिने ठरवलं. सकाळी नऊला ठाण्यात अर्ज, अकराला तपासणी. साडेसहाला ती कुलूप शोधत असताना दारात उमेंद्र आला. सोबत त्याची बायको प्रेमिला. डोक्यावर पदर, हातात प्लास्टिकची पिशवी, आणि चेहरा भांडायला आलेल्या बाईचा.

"बाई, तुमी आमची बंदूक काऊन देऊन नाही राहिल्या?" ती पायरीवरूनच म्हणाली. "परवा दसरा. सासऱ्याच्या हातची बंदूक ते. मागच्या खेपेला निवडणुकीपायी ठाण्यात जमा होती, तं मी बिनबंदुकीचा दसरा केला. कोयता न् विळा पुजला. या वर्षी ते नाही होणार."

"प्रेमिला, चूप," उमेंद्र म्हणाला.

"तुमी चूप! तुमाले बोलता आलं असतं तं मी कायले येतो एवढ्या दूर?"

मंजूला एकाएकी या लपवाछपवीचा कंटाळा आला. वही उघडून तिने ती प्रेमिलापुढे फिरवली.

"वहिनी, बंदुकीला काही झालेलं नाही. मी मुद्दाम ठेवली. दोन एलजीच्या पुंगळ्या कमी आहेत. उद्या साहेब येणार. जंगलात सांबर मेलंय. पुंगळ्या चिखलात गेल्या म्हणतात हे, आणि माझा त्यावर विश्वास नाही."

उमेंद्रने मान खाली घातली. प्रेमिलाने मात्र वहीकडे पाहिलंच नाही.

"पुंगळ्या? त्या लाल, पितळेच्या बुडाच्या?"

"हो."

"त्या कोणच्या चिखलात गेल्या? त्या तं माह्या देवघरात आहेत."

उमेंद्रने झटकन मान वर केली. "देवघरात?"

"मंग? दुर्गेनं पहिला बार काढला ना. मी बांधावरून वेचून आणल्या. हळद-कुंकू लावून ठेवल्या दसऱ्यासाठी. पोरगी इथं नसणार, तिच्या हातचं काही तरी पूजेले पाहिजे का नाही? तुमाले सांगितलं असतं तं तुमी म्हणाले असते, दुकानात वापस द्यायच्या आहेत."

"द्यायच्याच आहेत, बया!" उमेंद्र ओरडला. "मी चार महिने बांधाबांधानं शोधून राहिलो त्या!"

दुर्गेश्वरी म्हणजे त्यांची मुलगी. मंजूने तिला दोन-तीनदा पाहिलं होतं. ठेंगणी, चष्म्याची, वजन पन्नासाच्या आत. अमेरिकेत मोंटाना नावाच्या राज्यात माती तपासणाऱ्या कंपनीत नोकरीला. जूनमध्ये ती महिनाभर घरी येऊन गेली होती.

नाजूक खांदा, मंजूच्या मनात आलं.

"चोवीस तारखेला कोण निघणार आहे, उमेंद्रभाऊ?" तिने विचारलं. "घरी सांगू नको म्हणालात फोनवर. मी ऐकलंय."

प्रेमिला नवऱ्याकडे वळली. "घरी सांगू नको? मले? काय सांगू नको?"

उमेंद्रने स्टूल ओढलं आणि बसला. मग एका दमात बोलून टाकलं. तिथं एल्क नावाचं जनावर असते, सांबराचा मोठा भाऊ. हिवाळ्याच्या तोंडी सरकार रीतसर परवाना देते. दुर्गेच्या ऑफिसातले चौघं दर वर्षी जातात, या वर्षी तिलेही बोलावलं. जूनमध्ये ती म्हणाली, बाबूजी, एकदा बार काढून पाहू द्या, चारचौघांत हसं नको व्हायले. त्याने काढू दिला. आता बंदूक कोणती घ्यायची हे ती त्याले विचारते, आणि त्याले बारा बोअरच्या पुढचं काही कळत नाही. लेकीपुढे तसं म्हणायची लाज वाटली.

"बर्फाच्या जंगलात?" प्रेमिलाचा आवाज चिरकला. "चार परक्या माणसांसंग? हरीण मारायले? अन् मी इथं तिच्यासाठी नवस बोलून राहिली!"

"म्हणून तं नाही सांगितलं."

मंजूला हे सगळं पटत होतं, आणि पटतंय म्हणूनच ती सावध झाली. गोष्ट फार नीट बसत होती. नवरा-बायकोने एसटीत बसून रचली असेल तर अशीच बसेल.

"फोन लावा पोरीला," ती म्हणाली. "इथून. व्हिडिओवर."

तिकडे सकाळचे सात वाजले होते. दुर्गेश्वरी केस बांधत पडद्यावर आली, आईला पाहून दचकली, आणि मंजूला पाहून जास्तच.

"दुर्गा, मी दुकानातली मंजूकाकू. जूनमध्ये तू बार काढलेस. कशावर?"

"मडक्यावर, काकू. एकही नाही लागला. का? काय झालं?"

"कोणी पाहिलं?"

"माय होती. मी व्हिडिओ पण केलाय, फोन बाभळीला बांधून. बाबूजी, पाठवू का?"

उमेंद्र नको नको म्हणून हात हलवत होता, तेवढ्यात व्हिडिओ आलाही. मंजूने तारीख पाहिली. नऊ जून. सांबर मेलं त्याच्या दोन महिने आधी. कोरडी, भेगाळलेली बांधी, बांधावर मडकं, दुर्गेश्वरीच्या खांद्याला लागलेली हीच दुनळी. दस्त्यावरचा तांब्याचा पट्टासुद्धा दिसत होता. एक बार, धूळ. दुसरा बार, धूळ. पोरगी खांदा चोळत हसत होती, आणि मागून पदर खोचलेली प्रेमिला वाकून काही तरी वेचत होती.

मंजूने तो तीनदा पाहिला.

"समजलं आता?" उमेंद्र म्हणाला. "हे दाखवलं तं सांबरातून सुटतो. पण परवाना माह्या नावाचा, चाप पोरीनं ओढला. त्यात अडकतो. म्हणून चिखल म्हणालो."

"समजलं." तिने फोन हातात घेतला. "दुर्गा, तुझे ते चौघं कोणती बंदूक म्हणतात?"

"तिघं म्हणतात थ्री हंड्रेड मॅग्नम. एल्क मोठा असतो, मोठीच पाहिजे म्हणे. आणि चौथी जेनी, तिच्या आईची एक जुनी आहे, सेव्हन एमएम झिरो-एट. हलकी आहे. तिघं तिला खेळणं म्हणतात."

"मी एल्क पाहिलेला नाही. पण तुला पाहिलं आत्ता. चाप ओढायच्या आधी तू डोळे मिटतेस. दोन्ही वेळा. मडकं काय, समोर हत्ती असता तरी चुकला असता. धक्क्याची भीती बसली तुला, आणि ती या दुनळीनेच बसवली. हिचा दस्ता तुझ्या बाबूजींच्या हाताच्या मापाचा आहे. मॅग्नम याहून जोरात मारेल. जेनीच्या आईची घे. ती बाई तुझ्याएवढी आहे का?"

"हो. थोडी उंच."

"मग दस्ता बसेल. दोनशे मीटरला ती पुरते, पुस्तकात वाचलंय मी. पण आधी कागदावर मार. रोज वीस. डोळे उघडे राहायला लागले की मग जंगलात जा. आणि जनावर दिसलं, पण खात्री नसली, तर चापाला बोटच लावू नकोस. जखमी होऊन गेलं तर चार दिवस मरत राहतं."

"हो काकू."

"अन् स्वेटर दोन घाल," प्रेमिला पडद्यात तोंड घालून म्हणाली, आणि रडायला लागली.

सोमवारी पहिल्या गाडीने उमेंद्र पुंगळ्या घेऊन आला. लाल कपड्यात बांधलेल्या. पितळेच्या बुडावर हळदीचा थर वाळला होता. मंजूने भिंग लावलं. हळद नखाने खरवडली. एका पुंगळीवर पिनचा ठोका मधोमध, दुसरीवर किंचित बाजूला. दोन्ही नळ्यांच्या खुणा तिच्या ओळखीच्या. मग तिने वहीत परत आल्याच्या रकान्यात त्या दिवशीची तारीख लिहिली. त्या रकान्यात चाप कोणी ओढला हे विचारलेलं नव्हतं.

साहेब अकरा वाजून वीस मिनिटांनी आले. सोबत वनपाल. राहांगडालेच्या नावावर त्यांचं बोट थांबलं.

"या दोन आजच आल्या? बरोबर तपासणीच्या दिवशी?"

"आजच."

"आणि हे पिवळं काय?"

"हळद. देवघरात होत्या. घरच्यांनी दसऱ्याच्या पूजेला ठेवल्या होत्या."

"पुंगळ्या पुजतात?"

"मागच्या वर्षी बंदूक ठाण्यात जमा होती, साहेब. तशी वेळ पुन्हा आली तर पूजेला काही तरी पाहिजे म्हणून ठेवल्या."

साहेबांनी पुंगळी उजेडात फिरवली. "बार कधी काढले?"

"जूनमध्ये."

"कशावरून?"

मंजूच्या समोर उमेंद्र भिंतीला टेकून उभा होता, आणि त्याच्या खिशात तो व्हिडिओ होता. त्याने खिशावर हात ठेवलेला तिला दिसला. विचारलं तर तो दाखवणार होता.

"हळद पाहा," ती म्हणाली. "थर कसा वाळून तडकलाय. दोन दिवसांची हळद अशी नसते. आणि पावसाळ्यात, दमटात लावलेली असती तर बुरशी आली असती. उन्हात लावलेली आहे ही."

साहेबांनी तिच्याकडे पाहिलं. ती नजर मंजूला चांगली ओळखता आली. आठवडाभर ती उमेंद्रकडे असंच पाहत होती. मग त्यांनी हळदीवर नख घासलं, वनपालाकडे पाहिलं, पान उलटलं. तीन पानं पुढे दुसऱ्या एका नावाशी त्यांचं बोट पुन्हा थांबलं, आणि तिथे ते खूप वेळ थांबलं.

वही जुळल्याची सही करून साहेब गेल्यावर मंजूने दुनळी खोळीत घालून उमेंद्रच्या हातात दिली. "स्प्रिंग तुटली नव्हती."

"मालूम होतं मले," तो म्हणाला. "तुमाले खोटं बोलता येत नाही, भाभीजी. म्हणून तं नंबर पाहिला."

संध्याकाळी तिने खणातला अर्ज काढला, वाचला, आणि चार तुकडे केले. त्यातलं एकेक वाक्य खरं होतं. तीनशे किलो, दोनशे मीटर, नाजूक खांदा, चोवीस तारीख.

धान कापणीला आलं तेव्हा उमेंद्र पुन्हा दुकानात आला. डुकरांनी दोन बांध्या उलथून टाकल्या होत्या. या वेळी वनखात्याची परवानगी मंजूने मागण्याआधीच त्याने काउंटरवर ठेवली.

"दुर्गेचा फोन आला होता," तो म्हणाला. "त्या जेनीच्या आईचीच बंदूक नेली. तिसऱ्या दिवशी दिसला म्हणे एक. मोठा. डोळे नाही मिटले पोरीनं."

"मग?"

"झाडीत अर्धा होता. खात्री नाही झाली. सोडून दिला." त्याने विचारलं, "बरं केलं ना?"

"बरं केलं."

"ते तिघं हसले तिले."

"हसू देत." मंजूने वही उघडली. "किती देऊ?"

"पाच एलजी."

"दसऱ्यानंतर नेलेल्या पाचांच्या पुंगळ्या?"

उमेंद्रने खिशातून एक एक करून काढल्या आणि काउंटरवर उभ्या केल्या. मंजूने मोजल्या. मग प्रत्येक उलटी करून बुडाकडे पाहिलं.

"काय पाहता?" उमेंद्र म्हणाला. "हळद नाही लावली या खेपेले."